मनकर्णा मावशीचा अर्धा तास

चांदूर बाजारच्या बस स्टँडसमोरच्या गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. नाव नईम. घरी आमची उर्दू, दुकानात वऱ्हाडी, आणि लिहायला बसलो की जिल्हा परिषदेच्या शाळेतली मराठी येते, तेव्हा सांभाळून घ्या. मे महिना लागला की मला या दुकानाला कुलूप घालून कुठंतरी निघून जावंसं वाटतं. सकाळी दहापासून एकच रडगाणं, "भाऊ, फोन लय तापून राहिला." अकोला-अमरावतीकडं पारा पंचेचाळीसवर गेल्यावर फोन तापणार नाही तर काय करणार? पत्रा तापतो, नळाचं पाणी तापतं, माझं डोकं तापतं. फोनानंच काय पाप केलं?

बरं, तापला तर तापला, पण लोक त्याचे जे हाल करतात ते पाहून जीव थकतो. एक जण फ्रीजमध्ये ठेवतो, बाहेर काढला की आत पाणी सुटतं. दुसरा कूलरच्या जाळीला टेकवून ठेवतो, मग शिंतोडे उडून स्पीकर घोगरा होतो. भिजलेला फोन कोणी ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवतो, आणि मी बसतो चार्जिंगच्या भोकातून ज्वारीचं कूस काढत. रबराचं जाड कव्हर काढा म्हटलं तर "पडीन ना फोन" म्हणतात. उशीखाली ठेवून चार्जिंग करू नका म्हटलं तर "मंग अलार्म कसा ऐकू येईन" म्हणतात. सांगून सांगून तोंडाला फेस येतो.

म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एक बोर्डच रंगवून घेतला. पांढऱ्यावर लाल अक्षरं. फोन उन्हात ठेवू नये. चार्जिंगवर असताना बोलू नये. जाड कव्हर काढावे. फोन तापल्यास अर्धा तास बंद करून सावलीत ठेवावा. त्यानंतर कोणी तोंड उघडलं की मी मान वर न करता नुसतं बोट दाखवायचो. बोर्डातला शब्द न शब्द बरोबर होता, आजही बरोबर आहे. हे आधीच सांगून ठेवतो.

माझे अब्बा, इनायतुल्ला मेकॅनिक, याच दुकानात घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना बोर्ड लागला नाही. कोणी रेडिओ घेऊन आलं की बिघाड विचारायच्या आधी ते विचारायचे, "घरात कोण ऐकते हा?" गिऱ्हाईक सांगायचं, म्हातारा बाप ऐकतो, त्याला दिसत नाही. मग अब्बा त्या रेडिओला रांगेत पुढं घ्यायचे, नाहीतर तोवर दुकानातला आपला रेडिओ देऊन टाकायचे. या गप्पांत अर्धा दिवस जायचा. मला फार राग यायचा. मी ठरवलं होतं, आपण असं करायचं नाही. यंत्र आलं, यंत्र पाहायचं, संपलं. अब्बा गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांचा बटणांचा साधा फोन मी ड्रॉवरमध्ये ठेवला आहे, मधून मधून चार्ज करतो, आणि नंबरही बंद केलेला नाही. कोणी विचारलं तर कारण सांगता येत नाही.

आता मनकर्णा मावशीचं सांगतो, कारण हे सगळं तिच्याचमुळं लिहायला बसलो आहे.

मनकर्णा मावशी इथून नऊ किलोमीटरवरच्या बोरखडी गावची आशाताई. वय चौपन्न. उंचीनं कमी, चालायला काटक, हातात काळी छत्री आणि खांद्यावर कापडी पिशवी. माहेर मोझरीजवळचं. लहानपणी पहाटे उठून गुरुकुंज आश्रमातल्या प्रार्थनेला जायची, तिथली शिस्त अंगात मुरली ती कायमची. दहावी झाली, लग्न होऊन बोरखडीला आली, आणि एकतिसाव्या वर्षी नवरा साप चावून गेला. त्याला दवाखान्यात न्यायच्या आधी गावात दोन तास झाडपाला करत बसले होते. तिनं एकदा मला हे असं सांगितलं की जणू दुसऱ्याच कोणाच्या घरची गोष्ट आहे. एक मुलगी होती, तिला शिकवलं, अकोल्याला दिलं. आशाचं काम निघालं तेव्हापासून ती त्यात आहे. गावातल्या कुठल्या बाईला कितवा महिना, कोणाच्या पोराची कुठली लस राहिली, कोणाचं रक्त कमी, हे तिला न पाहता सांगता येतं.

आणि बाई नियमाची अशी पक्की की समोरच्याला घाम फुटावा. गोळी हातात देऊन जाणं तिला माहीतच नाही. गोळी तोंडात टाक, पाणी पी, आता जीभ दाखव. हे ती लहान पोरांना नाही, सासू झालेल्या बायांना म्हणते. एकदा मी दुकानात तापानं फणफणलो होतो. तिनं पिशवीतून गोळी काढली, मी म्हटलं, नंतर घेतो. ती छत्री टेकवून उभी राहिली. चार गिऱ्हाईकांसमोर मला जीभ दाखवायला लावली तेव्हा गेली. मीठ-साखरेचं पाणी चोवीस तासांनी फेकायचं म्हणजे फेकायचं, साडेतेवीस नाही आणि पंचवीसही नाही. लोकांनी सांगितलेलं बरोबर पाळावं म्हणून जिचा जन्म गेला, तिला कोणी काही सांगितलं तर तीही तसंच बरोबर पाळते. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात ती पहिल्यांदा तापलेला फोन घेऊन आली होती. तिचं सगळं काम आता त्या फोनात. घरोघरी जाऊन भेट द्यायची, तिथं फोटो काढायचा, ॲपात भरायचा. त्यासाठी लोकेशन चालू, उन्हात दिसावं म्हणून स्क्रीनचा उजेड पूर्ण, आणि वावरात रेंज नाही म्हणून फोन सारखा टॉवर शोधत राहणार. वरून गुलाबी रबराचं कव्हर. फोन बिचारा काय करेल? मधेच स्क्रीनवर ताप वाढल्याची सूचना यायची आणि फोन बंद पडायचा. त्या दिवशी माझ्यासमोर फोनांचा ढीग होता. मी मान वर केली नाही, बोर्डाकडं बोट केलं. तिनं बोर्ड दोनदा वाचला, पिशवीतून वही काढून चारही ओळी उतरवून घेतल्या, "बरं भाऊ" म्हणाली आणि गेली. दोन मिनिटांत काम झालं म्हणून मी खूश झालो होतो.

त्यानंतर ती वर्षभर आली नाही. आली ती यंदाच्या मे महिन्यात.

त्याआधी एक गंमत झाली, म्हणजे आता तिला गंमत म्हणवत नाही. एका आठवड्यात माझ्याकडं चार फोन आले, चारही वेगवेगळ्या गावच्या आशाताईंचे, आणि चारही आतून भिजलेले. सिमच्या खाचेजवळ एक बारीक पांढरी चकती असते, पाणी लागलं की ती लाल होते. चारही लाल. पावसाचा पत्ता नाही, विहिरींना पाणी नाही, आणि यांचे फोन भिजतात कुठं? विचारलं तर एकेक बाई नुसती हसायची आणि म्हणायची, "आमची एक युक्ती आहे."

मग एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मनकर्णा मावशी दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. चेहरा उन्हानं काळवंडलेला, ओठ सुकलेले. तिनं पिशवीतून एक ओलसर कापडी पाकीट काढलं, पाकिटातून एक प्लास्टिकची पन्नी काढली आणि पन्नीतून फोन.

"नईमभाऊ, सकाळपासून चालूच नाही होऊन राहिला. काही करा, पण आत्ता करा."

"ठेवून जा मावशी. परवा या."

"परवा नाही जमत. पौर्णिमाचे दिवस भरले."

"कोण पौर्णिमा?"

"आमच्या गावची. संत्र्याच्या बगीच्यात घर आहे तिचं, गावापासून तीन किलोमीटर आत. बीपी लय वाढून राहिलं. तिले मी सांगून ठेवलं, काही वाटलं का मले फोन कर. आता हा मुडदा बंद पडून बसला."

मी फोन उघडला. आत पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. चार्जिंगच्या भोकाला हिरवा गंज, बॅटरी फुगलेली, चकती लालभडक. मी ते ओलं पाकीट उचललं. जाड किंतानासारखं कापड, हातशिलाई, वरून बंद आवळायला नाडी.

"हे काय आहे?"

"छागळ आहे भाऊ. माझ्या बाबाची. बैलगाडीले टांगत होते, उन्हाळ्यात त्याच्यातलं पाणी कसं गार राहे. ते कापड कापून मी फोनासाठी पाकीट शिवलं. दर तासाले हापशीवर ओलं करतो आमी. आत पन्नी असते, फोनाले पाणी नाही लागत."

"आमी म्हणजे?"

"बाकीच्या अकरा जणींलेही शिवून देल्लं मी. मीटिंगमधी सांगितलं सगळ्यायले. पाणी गार राहते त्याच्यात, तर फोन काहून नाही राहीन?"

तर ही युक्ती. सगळे लाल ठिपके मला एकदम समजले. खरं सांगतो, बाईच्या डोक्याला मनातल्या मनात मी मानलं, कारण फोन खरंच गार राहत असणार. पण पन्नीला टाचणीएवढं भोक पडलं की संपलं. भोक नसलं तरी ओल आत शिरतेच. ते समजावून सांगायचं सोडून मी भडकलो. अकरा वाजता माझी बॅटरी संपलेली असते.

"मावशी, छागळीत पाणी गार राहते कारण ती झिरपते. फोनात झिरपलं तर काय गार राहीन? तुमी लोकायले जीभ दाखवाले लावता, आणि सोताचं हे असं? वाचता येते ना तुमाले? बोर्ड कशासाठी टांगला मी? तापला का अर्धा तास बंद ठेवा, सावलीत ठेवा. एवढं सोपं काम सोडून हे पाण्याचे खेळ करून राहिल्या. बारा फोनांची वाट लावली."

गल्लीतून जाणारे दोघे थांबून पाहायला लागले.  मावशीनं छत्री मिटली, स्टुलावर बसली आणि पदरानं मान पुसली. मग बोर्डाकडं पाहत म्हणाली, "ठेवला होता ना भाऊ. मागच्या वर्षी. बरोबर अर्धा तास."

मला वाटलं ती उलट बोलून राहिली. पण तिचा आवाज तसा नव्हता. रजिस्टरमधून वाचून दाखवावं तसं ती सांगत गेली.

"तुमच्या इथून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी शाळेच्या ओसरीत होती. फोन असा तापला का हातात धरवे ना. मी वही काढली, पाहिलं, अर्धा तास बंद करून सावलीत. मी बंद केला. कोनाड्यात ठेवला. घड्याळ लावून बसली. दोन चाळीसले चालू केला."

 समोरच्या रसवंतीचे घुंगरू वाजत होते, ते मला फार मोठ्यानं वाजल्यासारखे वाटले.

"चालू केला तं मेसेज आले. सात वेळा फोन येऊन गेला होता. पौर्णिमाचा."

"हीच पौर्णिमा?"

"हेच. तवा आठवा महिना होता. घरी एकटी. नवरा, शुभम, बडनेऱ्याले रेल्वेच्या ठेकेदाराकडं कामाले. अंगावरून रक्त जाऊन राहिलं होतं तिच्या. एकशे आठ तिले पाठ होतं, मीच पाठ करून घेतलं होतं. पण घाबरलं माणूस का वळखीचा आवाज पाहते ना भाऊ. माझाच नंबर लावत राहिली. मी धावत गेली. गाडी आली, दवाखान्यात नेलं. बाई वाचली. लेकरू नाही वाचलं. मुलगा होता."

"डॉक्टर काय म्हणाले?" हे मी का विचारलं मला माहीत नाही. कोणीतरी आपल्याला सोडवावं असं वाटत असणार.

"म्हणाले, अर्ध्या तासानं काही फरक पडला नसता. सगळ्यायले असंच सांगतात ते. मीही सांगते लोकायले." ती जराशी हसली. "गावात कोणी मले एक शब्द नाही बोललं. पौर्णिमानंही नाही. तवाच ठरवलं, आता फोन बंद नाही करायचा. तापला तरी नाही. मंग थंड कसा ठेवावा याचाच इचार करत राहिली. छागळ सुचली. यंदा ते पोरगी पुन्हा आहे, नववा लागला. आता तुमी म्हणता ठेवून जा. कशी ठेवून जाऊ?"

मी हातातला ब्रश खाली ठेवला. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त थकवा आला. मागच्या वर्षी मी फक्त मान वर केली असती, या फोनावर कोणाचे फोन येतात एवढं विचारलं असतं, तर तिथंच म्हणालो असतो, मावशी, मोठा फोन बंद ठेवायचा तेवढा वेळ सिम काढून साध्या फोनात घाला. साधा फोन तापत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. पोरं चालता चालता करतात. ते बोर्डावर लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते मनकर्णा मावशी आपल्या मनानं करत नाही.

 मी ड्रॉवर उघडला, अब्बांचा बटणांचा फोन काढला. त्यात दोन सिमची जागा आहे, एकात अब्बांचं. दुसऱ्यात मावशीचं घातलं, चालू केला, काउंटरवर तिच्यासमोर ठेवला.

"घ्या. आता येईन फोन, आला तर."

तिनं तो हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. आपल्या पिशवीतली वही काढून पौर्णिमाचा नंबर लावला आणि बोलली. "हाव, मीच. काही नाही, असंच. पाय सुजले का? बरं. शुभम घरी आहे ना? बरं." फोन ठेवल्यावर तिचे खांदे खाली आले. ती किती दमलेली आहे ते मला तेव्हा दिसलं. तिच्या पायातल्या चपलेचा अंगठा दोऱ्यानं बांधलेला होता.

मी तिचा फोन घेऊन कामाला लागलो. बॅटरी काढली, स्पिरिट आणि ब्रशनं गंज घासायला लागलो. मधेच तिच्याकडं पाहिलं तर बसल्या जागी डोळे मिटत होते.

"मावशी, समोर जाऊन रस पिऊन या. थोबाड पाहा आपलं. पडसान इथंच."

"फोन?"

"मी हावो ना इथं."

"वाजला तं उचलजा."

"उचलतो."

"वाट नका पाहू. लगेच उचलजा." माझी जीभ पाहायची बाकी ठेवली होती तिनं. मग रस्ता ओलांडून गेली.

पाच मिनिटंही झाली नसतील. अब्बांचा फोन वाजला. चार वर्षांनी तो आवाज दुकानात ऐकला. मग उचलला. पलीकडून पुरुषाचा आवाज, धाप लागलेला.

"ताई, शुभम बोलून राहिलो. पौर्णिमाचं डोकं लय ठणकून राहिलं, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली म्हणते."

"थांबा. ठेवू नका," मी म्हटलं आणि तसाच निघालो. चपला घालायचं भान नव्हतं. डांबरी रस्ता बारा वाजता काय असतो ते तळपायांना विचारा. मावशीच्या हातात रसाचा गिलास होता, तो तिनं न पिता बाकड्यावर ठेवला आणि फोन कानाला लावला.

तिचा आवाजच बदलला. थकवा कुठं गेला कोण जाणे. "शुभम, तिले डाव्या कुशीवर झोपव. खायले-प्यायले काही देऊ नको. तिची फाईल पिशवीत टाक, लाल रंगाची. खिडकी लाव, उजेड नको. मी गाडी बोलावते, तू फोन मोकळा ठेव." मग एकशे आठ लावला. गाव, फाटा, बगीच्याची वाट, बाईचा महिना, बीपीचा शेवटचा आकडा, सगळं एका दमात सांगितलं. एकही शब्द दोनदा नाही. शेवटी म्हणाली, "वाट आतून चुकते. मी फाट्यावर उभी राहते."

मी मोटरसायकल काढली. नऊ किलोमीटर झळा अशा तोंडावर येत होत्या की डोळे उघडवत नव्हते. मावशी मागं बसली होती, छत्री मिटून काखेत आणि अब्बांचा फोन मुठीत. पूर्ण रस्ताभर ती एकदाच बोलली, "हळू नका चालवू."

फाट्यावर पोचलो आणि थोड्याच वेळात गाडी आली. ती पुढं ड्रायव्हरजवळ चढली आणि बोटानं वाट दाखवत निघून गेली. माझ्याकडं वळून पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं. मी कडुलिंबाखाली काही वेळ उभा राहिलो, मग परत आलो. दुकान सताड उघडं. सोल्डरिंगची इस्तरी चालूच राहिली होती, तिनं काउंटरवरच्या रबराला मोठं काळं भोक पाडलं होतं. कोणी काही नेलं नव्हतं. मी त्या दिवशी पुढं एकही फोन उघडला नाही, नुसता बसून राहिलो. गिऱ्हाईकं येऊन शिव्या देऊन गेली.

साडेपाचला माझा फोन वाजला. स्क्रीनवर "अब्बा" असं नाव आलं. मी उठून उभा राहिलो, हे लिहायला मला लाज नाही. उचलला तर मावशी होती, त्या फोनातलं दुसरंच सिम तिच्याकडून दाबलं गेलं होतं. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातून बोलत होती.

"नईमभाऊ, मुलगी झाली. दोन किलो शंभर. पौर्णिमाचं बीपी उतरून राहिलं. दोघी बऱ्या आहेत. तुमचा फोन आणून देते मंग." आणि ठेवला.

पाचव्या दिवशी ती आली. तिचा फोन मी तयार ठेवला होता. नवी बॅटरी, चार्जिंगचा नवा भाग, आतून सगळं साफ. गुलाबी कव्हर फेकून दिलं होतं. तिनं अब्बांचा फोन पदराला पुसून काउंटरवर ठेवला, मी त्यातलं तिचं सिम काढून परत मोठ्या फोनात घातलं. मी तिच्यासमोर मान खाली घालून म्हटलं, "मावशी, मागच्या वर्षी मी मान वर करून तुमच्याशी बोललो असतो तर... माफ करा मले."

ती माझ्याकडं खरोखर न समजून पाहत राहिली.

"तुमी काय चूक सांगितलं भाऊ? बरोबरच होतं ते. बोर्डावर लिहिलं तसंच केलं मी."

ती मला टोमणा मारत असती तर बरं झालं असतं. तिनं ते मनापासून म्हटलं. 

मग तिनं पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, "आता सांगा, काय काय करायचं. नीट लिहून घेते. अकरा जणींले सांगायचं आहे." मी सांगत गेलो. जाड कव्हर नको. फोटो पाठवून झाला की लोकेशन बंद. रेंज नसेल तर फोटो काढून ठेवा, गावात येऊन पाठवा, उन्हात स्क्रीनवरचं फिरतं चाक पाहत बसू नका. पिशवीत ठेवा, पण सुती कापडात, कोरड्या. छागळ पाण्यासाठी ठेवा. आणि तापला तर अर्धा तास बंद.

तिचं पेन थांबलं.

"तेवढा वेळ हा बाजूले ठेवायचा," मी अब्बांचा फोन तिच्याकडं परत सरकवला. "मी असं करून देल्लं आहे का तुमचा मोठा फोन बंद असला तर येणारा फोन आपोआप याच्यात वाजन, अब्बाच्या नंबरावर. तुमाले काहीच काढायचं-घालायचं नाही. हा तुमच्याजवळच राहू द्या."

"तुमच्या अब्बाचा नंबर?"

"हाव. चालूच आहे तो. पडून होता."

तिनं ते लिहिलं. लिहिलेलं पुन्हा मला वाचून दाखवलं, एक शब्द चुकला होता तो खोडून नीट केला. मग वही मिटून म्हणाली, "मी आता लय थकली भाऊ. साठ होईपर्यंत अजून सहा वर्षं काढायची आहेत." एवढं म्हणून छत्री उघडली आणि उन्हात निघाली. बोरखडीची बस चुकली होती, तिला पुढच्या चौकातून ऑटो पाहायचा होता.

बोर्ड अजून तिथंच टांगलेला आहे. त्यात चूक काही नाही, तो मी काढलेला नाही. पण आता कोणी तापलेला फोन घेऊन आलं की मी बोट दाखवत नाही. मान वर करतो आणि आधी विचारतो, "हा अर्धा तास बंद राहिला तर कोणाचा फोन यायचा राहीन?" बरेच जण चिडतात. "तुले काय करायचं त्याच्याशी, तू फोन पाहा" म्हणतात. गिऱ्हाईकं कमी होतात, रांग लांबते, आणि संध्याकाळी पाठ आधीपेक्षा जास्त दुखते. त्या सात रिंगा मी ऐकलेल्या नाहीत. तरी दुपारी दोन-सव्वादोनच्या सुमाराला मला त्या ऐकू येतात, आणि मी पुढच्या माणसालाही तेच विचारतो.